मित्रजंतूंची पुडी आणि बालवैद्यांचें मत

हल्लीं घरांतील लहान मुलाला चारदोन पातळ जुलाब झाले कीं औषधांच्या दुकानांतून एक लहानशी पुडी किंवा बोटभर लांबीची कुपी आणविली जाते, आणि तिच्यांतील औषध मुलाला मोठ्या विश्वासानें पाजलें जातें. या औषधांत गुणकारी द्रव्य म्हणून कोणतेंहि रसायन नसतें, तर कोट्यवधि जिवंत सूक्ष्मजंतु असतात. ज्या आजीनें आयुष्यभर पाणी उकळून, फडक्यानें गाळून जंतूंना घराबाहेर ठेवण्याची शिकस्त केली, तिच्याच नातवंडाला आतां जंतु विकत आणून पाजण्यांत येतात, हें पाहून तिला नवल वाटलें तर त्यांत तिचा दोष नाहीं.

अशा वेळीं एकत्र कुटुंबांत मतांचा तुटवडा कधींच नसतो. आजी म्हणते, "घरचें ताज्या दह्याचें ताक असतां हे विकतचे जंतु कशाला?" काकांनीं कोठेंसें वाचलेलें असतें कीं या जंतूंनीं मुलाची प्रकृति वज्रासारखी होते. मुलाची आई बिचारी दोघांचें ऐकून डॉक्टरांकडे जाते, तों एक डॉक्टर पुडी लिहून देतात आणि दुसरे म्हणतात, "याची कांहीं गरज नाहीं." दोघेहि शिकलेले, दोघेहि मुलांचेच डॉक्टर, मग असा मतभेद कां व्हावा? या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेलें असतां असें दिसून येतें कीं, मतभेद वरवर दिसतो तितका खोल नाहीं. ज्याला आपण एकच औषध समजतों तें मुळीं एक औषधच नव्हे, हें ध्यानांत आलें म्हणजे पुष्कळसा घोंटाळा आपोआप उलगडतो.

कल्पनेचा उगम

उपकारक जंतूंची कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. इ. स. १९०० च्या सुमारास पॅरिस येथें हेन्री तिसिए या बालवैद्यांना असें आढळलें कीं, अंगावर पिणाऱ्या निरोगी बालकांच्या शौचांत दोन फाटे फुटलेल्या आकाराचे एका जातीचे जंतु विपुल असतात. जुलाबानें आजारी असलेल्या बालकांत ते कमी दिसले, तेव्हां हेच जंतु अशा बालकांना द्यावेत, असें त्यांनीं सुचविलें. त्याच शहरांतील पाश्चर संस्थेंत काम करणारे एली मेचनिकॉफ यांनीं, बल्गेरियांतील शेतकरी दीर्घायुषी असतात याचें श्रेय त्यांच्या आंबट दह्यास दिलें. मेचनिकॉफ यांना इ. स. १९०८ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु तें शरीराच्या रोगप्रतिकारावरील संशोधनासाठीं, दह्यासाठीं नव्हे, हें लक्षांत ठेवणें बरें. पुढें इ. स. १९१७ मध्यें जर्मनींत आल्फ्रेड निसले यांनीं, सोबत्यांना हगवण लागली असतां जो एक सैनिक धडधाकट राहिला, त्याच्या आंतड्यांतून एक जंतु वेगळा काढला. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं हेन्री बुलार नांवाच्या फ्रेंच संशोधकांना इंडोचायनांत फळांच्या सालींवर एक किण्व, म्हणजे यीस्ट, सांपडलें. तें आज सॅक्रोमायसीस बुलार्डी या नांवानें जगभर विकलें जातें.

इ. स. २००१ मध्यें जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनीं 'प्रोबायॉटिक' या शब्दाची व्याख्या ठरविली. तिचा आशय असा कीं, जे सूक्ष्मजीव जिवंत स्थितींत व पुरेशा मात्रेंत दिले असतां घेणाऱ्याच्या आरोग्यास हितकर होतात, तेच प्रोबायॉटिक होत. यांतील प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. जंतु जिवंत हवेत, मात्रा पुरेशी हवी, आणि हित प्रत्यक्ष दिसून आलेलें हवें. यांपैकीं एक जरी अट सुटली तरी डबीवर कांहींहि छापलेलें असो, आंतील वस्तु त्या नांवास पात्र ठरत नाहीं.

बाळाच्या पोटांतील वस्ती

जन्मापूर्वीं बाळाच्या आंतड्यांत जंतूंची वस्ती जवळजवळ नसतेच. जन्म होतांना आईच्या शरीरांतून, मग तिच्या त्वचेवरून, दुधांतून व घरांतील वाऱ्यापाण्यांतून हळूहळू हे पाहुणे येऊं लागतात व कायमचे रहिवासी होतात. नैसर्गिक प्रसूतीनें जन्मलेल्या आणि पोट चिरून काढलेल्या बालकांच्या पोटांत आरंभीं वेगवेगळे जंतु आढळतात. पहिल्या दोनतीन वर्षांत ही वस्ती प्रौढ माणसाच्या वस्तीसारखी होत जाते.

या बाबतींत आईच्या दुधाची योजना पाहिली म्हणजे मन थक्क होतें. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल आईच्या दुधांत जो घन पदार्थ सर्वांत जास्त असतो, तो एका प्रकारच्या संयुक्त शर्करांचा. आणि नवल हें कीं, त्या बाळाला स्वतःला पचतच नाहींत! मग त्या तेथें कशासाठीं? त्या तिसिए यांनीं पाहिलेल्या फाटेदार जंतूंचें अन्न आहेत. आई एकाच वेळीं बाळाला जेवूं घालते आणि बाळाच्या पोटांतील राखणदारांनाहि. म्हणून बालवैद्य पहिले सहा महिने केवळ अंगावरच्या दुधाचा आग्रह धरतात तेव्हां, जंतूंच्या दृष्टीनेंहि ते सर्वांत खात्रीचा उपाय सांगत असतात.

सोयरिकीचा न्याय

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. मुलीची सोयरीक ठरवितांना "मुलगा जोशांचा आहे" एवढें ऐकून कोणी समाधान मानीत नाहीं. कोणते जोशी, गांव कोणतें, घराणें कोणतें, आणि शेवटीं मुलगा कोणता, असें विचारल्याशिवाय पाऊल पुढें पडत नाहीं. जंतूंच्या बाबतींत मात्र आपण "लॅक्टोबॅसिलस आहे" एवढ्यावर भागवितों. वस्तुतः हें निव्वळ आडनांव झालें. त्यापुढें जातीचें नांव असतें, आणि त्याहिपुढें त्या विशिष्ट वाणाचें अक्षरांनीं किंवा आंकड्यांनीं दिलेलें चिन्ह असतें. 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी' यांतील 'जीजी' हीं दोन अक्षरें म्हणजे त्या एका मुलाचें नांव होय. एका भावाचे गुण दुसऱ्या भावास चिकटवितां येत नाहींत, त्याप्रमाणें एका वाणावर सिद्ध झालेला गुण दुसऱ्या वाणावर लादतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, एक वाण एका रोगांत उपयोगी पडला म्हणजे तो सर्व रोगांत पडेल असेंहि नाहीं. तेव्हां "प्रोबायॉटिक चांगलें कीं वाईट?" हा प्रश्नच मुळांत अपुरा आहे. कोणता वाण, कोणत्या रोगावर, किती मात्रेंत, आणि कोणत्या मुलाला, असें विचारलें तरच जाणत्या बालवैद्याला उत्तर देतां येतें. ही चौकशी पुढें ठेवून एकेक विकार पाहूं.

साधा जुलाब

ज्या विकारासाठीं ही पुडी सर्वांत अधिक खपते, त्याच विकारांत तिची बाजू आज सर्वांत लंगडी झाली आहे. इ. स. २०१८ मध्यें अमेरिकेंत व कॅनडांत दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. अमेरिकेंतील प्रयोगांत तीन महिने ते चार वर्षें वयाचीं ९७१ मुलें होतीं. निम्म्यांना वर सांगितलेला जीजी वाण दिला व निम्म्यांना तशीच दिसणारी जंतुरहित भुकटी दिली. कोणास काय दिलें हें आईबापांनाहि ठाऊक नव्हतें व डॉक्टरांनाहि नव्हतें. जंतु घेतलेल्या मुलांचा जुलाब मध्यमानानें ४९.७ तास टिकला, आणि न घेतलेल्यांचा ५०.९ तास. म्हणजे दोन दिवसांत फरक केवळ तासाभराचा! कॅनडांत ८८६ मुलांना दुसऱ्या दोन वाणांचें मिश्रण देऊन पाहिलें, तेथेंहि फळ तेंच. इ. स. २०२० मध्यें एकंदर ८२ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यांत आला, आणि दोन दिवसांहून अधिक काळ जुलाब लांबण्याच्या बाबतींत या जंतूंनीं बहुधा फारसा फरक पडत नाहीं, असा त्याचा निष्कर्ष निघाला.

यावर अमेरिकेंतील पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञांच्या संस्थेनें त्याच वर्षीं, आपल्याकडील मुलांच्या साध्या जुलाबांत प्रोबायॉटिक देऊं नये, असें मत दिलें. युरोपांतील मुलांच्या पोटाच्या तज्ज्ञांनीं मात्र दार अगदींच बंद केलें नाहीं. मोजक्या नामांकित वाणांनीं आजार थोडा लवकर आटोपूं शकेल, तेव्हां ते वाटल्यास द्यावेत, अशी त्यांची सौम्य शिफारस आहे. पण पुरावा पक्का नाहीं हेंहि ते कबूल करतात. आपल्या देशांतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें इ. स. २००६ मध्येंच, हे प्रयोग बहुतेक सधन देशांतले असल्यामुळें आपल्या परिस्थितींत शिफारस करण्याइतका पुरावा नाहीं, असें म्हटलें होतें. आपल्या दुकानांत सर्रास मिळणाऱ्या बॅसिलस क्लॉसी या जंतूचीहि जुलाबासाठीं युरोपीय तज्ज्ञांनीं इ. स. २०२० मध्यें शिफारस केली नाहीं.

येथें खरी जोखीम पुडीची नसून विसंबून राहण्याची आहे. जुलाबानें मूल दगावतें तें जंतूंनीं पोखरून नव्हे, तर अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. पांच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुलें आजहि दरवर्षीं जगांत अतिसारानें मृत्यु पावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यावरचा उपाय अत्यंत साधा आहे, आणि त्याच्या इतिहासांत आपल्याच देशाचें नांव आहे. इ. स. १९७१ मध्यें बांगला देशांतील निर्वासितांच्या छावणींत, बंगालमधील बनगांव येथें, पटकीच्या सांथींत शिरेंतून देण्याचें सलाइन संपलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनोबिस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यांत कालवून तें तोंडानें पाजण्याचा मार्ग धरला आणि असंख्य जीव वांचविले. त्याच पाण्याची सुधारलेली पुडी आज ओआरएस या नांवानें अत्यल्प किंमतींत मिळते. तिच्या जोडीला जस्त, म्हणजे झिंक, सहा महिन्यांवरील मुलाला दररोज २० मिलिग्रॅम व त्याहून लहानाला १० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस द्यावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मित्रजंतूंची महाग कुपी आणली, पण क्षारजल पाजलें नाहीं, तर देव्हारा सजवून देव उपाशी ठेवल्यासारखें होईल.

जेथें उपयोग दिसतो

आतां दुसरी बाजू. कानाच्या, घशाच्या किंवा छातीच्या विकारासाठीं मुलाला प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायॉटिक औषध दिलें असतां, रोगजंतूंबरोबर पोटांतील निरपराध जंतूहि मारले जातात, आणि कित्येक मुलांना जुलाब होऊं लागतात. अशा प्रसंगीं मित्रजंतूंचा उपयोग होतो असें पुष्कळ प्रयोगांवरून दिसतें. ६,३५२ मुलांवरील ३३ प्रयोगांच्या इ. स. २०१९ मधील आढाव्यांत असें आढळलें कीं, जंतु न दिलेल्या शंभर मुलांपैकीं १९ जणांना असा जुलाब झाला, तर जंतु दिलेल्या शंभरांपैकीं ८ जणांना. नऊ मुलांना औषध द्यावें तेव्हां एकाचा जुलाब टळतो, असा याचा हिशेब. यासाठीं मात्रा मोठी, म्हणजे दिवसाला निदान ५०० कोटी जंतूंची लागते, आणि औषध प्रतिजैविकाबरोबरच सुरू करावें लागतें. बालवैद्य यासाठीं बहुधा जीजी वाण किंवा बुलार्डी यीस्ट निवडतात. यीस्ट हा जंतूंहून निराळ्या वर्गांतला जीव असल्यामुळें प्रतिजैविकानें मरत नाहीं, ही त्याची एक सोय आहे. तथापि याहून मोठें शहाणपण असें कीं, साध्या सर्दीपडशाला प्रतिजैविक मागूंच नये. म्हणजे त्याच्या पाठीमागून राखणदार धाडण्याची वेळच येणार नाहीं.

तान्ह्या बाळाचें संध्याकाळचें न थांबणारें रडणें हा घरोघरचा छळ आहे. त्यावर लॅक्टोबॅसिलस रॉयटेराय या जंतूच्या एका वाणाचे थेंब इटलींतील प्रयोगांत गुणकारी ठरले, तर ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें निरुपयोगी ठरले. सर्व आंकडे एकत्र केले तेव्हां, अंगावर पिणाऱ्या बाळांत गुण दिसतो आणि वरच्या दुधावरील बाळांत तो सिद्ध होत नाहीं, असें निघालें. तीन आठवड्यांनंतर रडण्यांत पडणारा जास्तीचा फरक दिवसाला सुमारें २५ मिनिटांचा होता. रात्र रात्र जागणाऱ्या आईला पंचवीस मिनिटेंहि थोडीं नव्हेत. परंतु हें रडणें तीनचार महिन्यांत आपोआप ओसरतें, हेंहि तिला सांगावयास हवें.

अपुऱ्या दिवसांचें बाळ

या विषयांतील सर्वांत नाजूक प्रश्न अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा आहे. अशा बालकांच्या आंतड्याचा एखादा भाग एकाएकीं निर्जीव होऊन कुजूं लागतो, हा एक भयंकर रोग असून त्यांत कित्येक बालकें जातात. मित्रजंतु दिल्यानें हा रोग कमी होतो असें अनेक प्रयोगांवरून दिसतें. उलट इंग्लंडांतील १,३१० बालकांवरच्या, इ. स. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एका वाणाचा कांहींहि उपयोग झाला नाहीं. शिवाय अमेरिकेंत इ. स. २०१४ मध्यें असें एक बालक मृत्यु पावलें, कारण त्याला दिलेल्या भुकटींत बुरशी शिरलेली होती. इ. स. २०२३ मध्यें आणखी एका बालकाच्या रक्तांत, त्याला पाजलेलाच जंतु वाढलेला सांपडला व तें दगावलें. त्यावर तेथील सरकारी औषध खात्यानें रुग्णालयांना इशारा दिला. मित्र म्हणून घरांत घेतलेला पाहुणा भिंत कच्ची असली तर ती फोडूनहि जातो, तो असा.

म्हणूनच तज्ज्ञांचीं मतें येथें सावध आहेत. अमेरिकेंतील बालवैद्यांच्या अकादमीनें इ. स. २०२१ मध्यें सरसकट सर्व अपुऱ्या बालकांना हे जंतु देण्यास पाठिंबा दिला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २०२२ मध्यें, ३२ आठवड्यांपूर्वीं जन्मलेल्या व आईचें दूध घेणाऱ्या बालकांच्या बाबतींत त्यांचा विचार करण्यास हरकत नाहीं, असें म्हटलें. हा निर्णय रुग्णालयांतील डॉक्टरांनींच घ्यावयाचा. घरच्यांनीं बाहेरून पुडी नेऊन देण्याचा हा विषय नव्हे. ज्या मुलाची प्रतिकारशक्ति खचलेली आहे, किंवा ज्याच्या मोठ्या शिरेंत नळी घातलेली आहे, त्यालाहि हाच नियम लागू.

आपल्या देशांतील एका प्रयोगानें मात्र साऱ्या जगाचें लक्ष वेधून घेतलें. ओरिसांतील, म्हणजे आजच्या ओडिशांतील, खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४,५५६ नवजात बालकांची पाहणी करून इ. स. २०१७ मध्यें तिचें फळ प्रसिद्ध केलें. हीं बालकें फार अपुऱ्या दिवसांचीं नव्हतीं, दोन किलोंहून हलकीं नव्हतीं, आणि आईचें दूध घेत होतीं. निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जंतूचा एक वाण व त्याला पोषक अशी शर्करा दिली. रक्तांत विष भिनण्याचा रोग किंवा मृत्यु, हें इतरांत शंभरांत ९ वेळां घडलें, तर या बालकांत ५.४ वेळां. एका प्रयोगावरून देशभरचा नियम ठरवितां येत नाहीं हें खरें. पण योग्य वाण योग्य बालकाला योग्य वेळीं दिला तर केवढें काम होऊं शकेल, याची कल्पना त्यावरून येते.

मग डॉक्टर पुडी कां लिहितात?

हा प्रश्न सरळ विचारण्यासारखा आहे. पुष्कळ बालवैद्यांना वरील गोष्टी ठाऊक असतात, तरीहि ते पुडी लिहितात. एक कारण असें कीं, निरोगी मुलाला तिच्यापासून अपाय सहसा होत नाहीं. फार तर पोट थोडें फुगतें. दुसरें कारण आपणच आहों. "नुसतें मीठसाखरेचें पाणी पाजा" असें सांगणाऱ्या डॉक्टरांकडून आपण नाराज होऊन उठतों आणि दुसऱ्याकडे जातों. तेव्हां अनावश्यक प्रतिजैविक देण्यापेक्षां निरुपद्रवी पुडी बरी, असा कित्येकांचा व्यवहारी विचार असतो. तो अगदींच चुकीचा म्हणवत नाहीं. मात्र त्याची किंमत घरच्यांना मोजावी लागते, आणि पुडीनेंच मूल बरें झालें असा समज घरांत दृढ होतो. जुलाब बहुधा आठवड्याच्या आंत आपला आपणच थांबतो, हें श्रेय मग कोणी शरीराला देत नाहीं.

आजीच्या ताकाचें काय? घरच्या विरजणांतील जंतूंचे वाण कोणते व किती, हें कोणी मोजलेलें नसतें. म्हणून शास्त्राच्या भाषेंत तें औषध नव्हे. पण तें उत्तम अन्न आहे. दूध विरजतांना त्यांतील शर्करा कांहीं अंशीं जंतु खाऊन टाकतात, त्यामुळें तें पचण्यास हलकें होतें. अंगावरच्या दुधाबरोबर वरचें अन्न सुरू झालेल्या मुलाला ताजें दहीं, मऊ भात कालवून द्यावा; जुलाबांतहि अन्न तोडूं नये. या बाबतींत आजी व बालवैद्य एकाच पक्षाचे आहेत.

घरांत काय करावें

मुलाला जुलाब लागतांच ओआरएसची पुडी आणावी, तिच्यावर लिहिलें असेल तेवढ्याच मापाच्या स्वच्छ पाण्यांत ती पुरी विरघळवावी, आणि तें पाणी चोवीस तासांच्या आंत संपवावें. उरलें तर टाकून द्यावें. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर व त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्यानें पाजावें. अंगावरचें दूध क्षणभरहि बंद करूं नये. मूल मलूल झालें, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, शौचावाटें रक्त पडलें किंवा पोटांत पाणी ठरेना, तर घरच्या चर्चेत एक घटकाहि न दवडतां त्याला डॉक्टरांकडे न्यावें.

डॉक्टरांनीं मित्रजंतु लिहून दिले तर विनयानें चार गोष्टी विचाराव्यात: हा वाण कोणता, तो कशासाठीं, किती मात्रेंत, आणि किती दिवस? चांगला बालवैद्य अशा प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट त्याला बरें वाटतें. कुपीवर वाणाचें पूर्ण नांव, जंतूंची संख्या व मुदतीची तारीख आहे कीं नाहीं तें पाहावें. औषध कढत दुधांत घालूं नये, कारण मग जिवंत जंतु मरून जातात. आणि निरोगी मुलाला "प्रकृति सुधारावी" म्हणून महिनोन् महिने अशा कुप्या पाजण्याऐवजीं, तेच पैसे दूध, फळें व भाजीपाला यांवर खर्च करावे. स्वच्छ हात, आईचें दूध, वेळच्या वेळीं टोंचलेल्या लसी आणि घरांत सदैव ठेवलेली क्षारजलाची पुडी, एवढी शिबंदी ज्या घरांत आहे, तेथें मित्रजंतूंची गरज क्वचित्‌च पडेल; आणि जेव्हां पडेल तेव्हां ती कशासाठीं, हें त्या घराला ठाऊक असेल.